वाफशाची वाट

उर्मिला विरकरचं जगात कुणाशी वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते एका शब्दाशी, दुबार पेरणीशी. तो कानावर पडला की एरवी शांत असणारी ही बाई ओठ आवळून घ्यायची.

ती लहान असताना माणदेशातल्या टाकळमाळावर तिच्या वडिलांनी परतीच्या पावसाच्या एका सरीवर भुलून पेरा उरकला होता. बी उगवलं, चार बोटं वर आलं आणि पाऊस जो गेला तो गेलाच. कोंब करपले. मग आप्पांनी घरातलं खाण्याचं धान्य पेरायला पाभरीला लावलं. पुन्हा एक सर आली, पुन्हा बी फसलं, पुन्हा करपलं. त्या हिवाळ्यात घरात काय शिजलं ते तिला आठवत नव्हतं. आप्पा बांधावर बसून रानाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहायचे, एवढंच आठवत होतं.

तिचं शास्त्र त्या बांधावर सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. पुढे कृषी विद्यापीठ झालं, परदेशी शिक्षण झालं, आणि शेवटी ती अनातोलियाच्या पठारावरच्या एका आंतरराष्ट्रीय गहू केंद्रात जाऊन स्थिरावली. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखांतले डझनभर देश तिथे एकत्र काम करत. एकाच्या रानात निवडलेलं बी दुसऱ्याच्या रानात पारखलं जाई. दोन देशांचे राजदूत एकमेकांचं तोंड बघत नसत, तेव्हाही त्यांच्या बियाण्याची पाकिटं बिनबोभाट जात-येत. गव्हाला राजकारण कळत नाही, असं तिथे सगळे हसून म्हणत. ते अर्धंच खरं होतं. गव्हाला कळत नसलं तरी राजकारणाला गहू चांगला कळतो.

तिचा तिथला कामातला जोडीदार हालित बे हा त्याच पठारावरचा मेंढपाळाचा मुलगा. पहिल्याच वर्षी दोघं पावसानंतर एका वाफ्यात उभे होते. हालितने मूठभर माती उचलली, दाबली, अंगठ्याने फोडली आणि म्हणाला, "तव." मग इंग्रजीत सांगू लागला, की माती ओली आहे पण चिखल नाही, मोकळी आहे पण कोरडी नाही, पेरायला अगदी... इथे तो अडला. उर्मिला हसायलाच लागली. "वाफसा!" ती म्हणाली. केंद्राच्या सगळ्या जाडजूड अहवालांत या गोष्टीला नुसता टक्क्यांचा आकडा होता. शब्द होता तो या दोघांच्याच आयांकडे. त्या दिवशी त्यांची मैत्री झाली, तिकडच्या आदराच्या रीतीने ती त्याला 'बे' आणि तो तिला 'हानम' म्हणू लागला, आणि जी जात पुढे जगभर गाजली तिचं नावही त्या दिवशीच ठरलं.

जातीमागची कल्पना सांगायला सोपी होती. थंड मुलखातला हिवाळी गहू बर्फ पडण्याआधी पेरतात. त्याची रोपं बर्फाखाली पडून राहतात, पण पुरेशी थंडी अंगावरून गेल्याशिवाय ती फुलावर येत नाहीत. मध्येच चार दिवस ऊन पडलं तरी फसत नाहीत. त्यांच्या पेशींत एक जनुक आहे, तो थंडीचा एकेक दिवस मोजत असतो. हिशेब पुरा झाला की कुलूप उघडतं. उर्मिला आणि हालित यांनी हा मोजणारा जनुक फुलाकडून काढून बियाकडे सोपवला, आणि थंडीऐवजी त्याला ओल मोजायला शिकवलं. एका सरीने ते बी हलणार नाही. खोलवरची ओल सलग काही रात्री टिकली, म्हणजे खरा वाफसा आला, तरच ते उगवणार. तोवर जमिनीत निजून राहणार, वर्ष लागो की चार वर्षं.

इतकी वर्षं मातीत न कुजता राहायचं, तर अंगावर चिलखत हवं. ते मिळालं पठाराच्या दक्षिणेला खडकाळ उतारांवर उगवणाऱ्या एका रानगवतातून. आपल्याकडच्या खपली गव्हाची ही रानटी आजी. तिच्या प्रत्येक खपल्यात दोन दाणे असतात, थोरला आणि धाकटा. थोरला त्याच वर्षी उगवतो. धाकटा पुढच्या वर्षासाठी मागे थांबतो. दोघांवर एकदम संकट येऊ नये, अशी ती सोय.

पहिलं आणि शेवटचं भांडण झालं ते यावरूनच.

"दोन्ही प्रकारचे दाणे ठेवू," हालित म्हणाला. "अर्धे उठू देत, अर्धे निजू देत. आजीने हजारो वर्षं असंच केलंय."

"म्हणजे निम्मं रान डोळ्यांदेखत करपू द्यायचं?" उर्मिला म्हणाली. "ते कोंब करपताना बघणारा माणूस तू बघितला नाहीस, हालित बे. मी बघितलाय. एकही दाणा फसता कामा नये."

"उर्मिला हानम, एखादा उठून मेला तरी तो निरोप देतो."

"कुणाला?"

"जो कुणी बघत असेल त्याला."

उर्मिलाने हे मेंढपाळी तत्त्वज्ञान म्हणून सोडून दिलं. तिची बाजू आकड्यांनी भक्कम होती, आणि आकड्यांपुढे हालितचं काही चाललं नाही. सगळे दाणे निजणारे झाले.

भारतातली पहिली पेरणी तिने हट्टाने टाकळमाळावर, भावाच्या रानात केली. बजरंग तिच्याहून मोठा. आप्पांनंतर रान त्यानेच धरून ठेवलं होतं, रान आणि खिल्लार बैलांची एक जोडी. लोक ट्रॅक्टरवर गेले तरी त्याची पाभर सुटली नव्हती. त्यांच्या घरात पेरणीची पहिली मूठ माहेरवाशिणीने चाड्यावर धरायची रीत होती. उर्मिलाने मूठ धरली, दाणे नळ्यांतून खाली गेले, आणि बजरंगने बैलांच्या पाठीवर थाप मारली.

"दादा, वाफसा बघायचं काम आता आपलं नाही. ते बीच बघेल," ती म्हणाली.

"मग आमी काय करायचं गं?"

"आराम करा."

सगळे हसले. शालनवहिनी तर पदर तोंडाला लावून हसली.

त्या वर्षी एक फसवी सर आली. शेजारच्या रानात कोंब वर आले आणि करपले. बजरंगचं रान काळंच राहिलं. लोक म्हणाले, बहिणीनं भावाला बनवला. मग उशिरा खरा पाऊस झाला, वाफसा आला, आणि बजरंगचं सगळं रान एका दिवशी हिरवं झालं. पुढच्या हंगामाला टाकळमाळावर एक चाडं असं नव्हतं ज्यात 'वाफसा' नाही. गावातल्या भिंतींवर उर्मिलानेच सुचवलेलं वाक्य रंगवलं गेलं, 'बी निजलंय, मेलं नाही.'

आणि नेमका तेव्हापासून पाऊस गेला.

पहिल्या कोरड्या वर्षी लोक खूश होते. बी वाचलं, दुबार पेरणी टळली. दुसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. गावाने जनावरांना चारा छावणी मागितली, टँकर मागितला, आणि तिथे भलतंच निघालं. दुष्काळ ठरतो पैसेवारीवर. रुपयातले किती पैसे पीक हाती आलं त्याचा हा जुना हिशेब. पन्नासच्या खाली गेलं की दुष्काळ. पूर्वी तलाठी येऊन रान बघे, आता उपग्रह बघतो. करपलेलं पीक त्याला ओळखता येतं. पण टाकळमाळावर करपायला काही उगवलेलंच नव्हतं. त्यामुळे उपग्रहाने ना पिकली म्हटलं, ना बुडाली. त्याने नवाच शेरा मारला, 'प्रतीक्षेत'.

शेजारच्या गावांनी जुनंच बी पेरलं होतं; टाकळमाळावर ते कुणी राखलंच नव्हतं. त्यांचं करपलं आणि त्यांना छावणी मिळाली. टाकळमाळाच्या बायका तीन कोस चालून त्यांच्या टँकरवर घागर लावायला जाऊ लागल्या, आणि तिथून शिव्या खाऊन परत येऊ लागल्या.

तिसऱ्या वर्षी गावाने इतकी बोंब ठोकली की पीकस्थिती मंडळाचे कुलथेसाहेब स्वतः आले, आणि शास्त्रज्ञ म्हणून उर्मिलाला बोलावून घेतलं. कुलथे माणूस वाईट नव्हते. मारुतीच्या पारावर बसून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पीक बुडालं म्हणायला आधी ते उभं राहायला हवं ना? तुमचं बी जमिनीत सुखरूप आहे. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

शालनवहिनी मागे उभी होती. ती पुढे येऊन बोलली. "बी निजलंय ते बरं झालं, सायेब. पर आमाला त्येच्यासारखं निजाया येत न्हाई. आमी जागी हाय. जनावरं जागी हायती."

कुलथ्यांनी हातातली फाइल मिटली. मग त्यांनी तोडगा काढला. बजरंगच्या रानातलं बी उकरायचं, सगळ्यांसमोर ओल्या गोणपाटात घालायचं आणि पुढच्या आठवड्यात उघडायचं. कोंब आला तर बी जिवंत, शेरा कायम. नाही आला तर बी मेलं, पीक बुडालं, छावणी सुरू.

गोम एकच होती. ते बी गोणपाटातल्या साध्या पाण्याला दाद देणारं नव्हतं, त्याला जमिनीतली खोल ओलच लागे. खऱ्या वाफशाचा भास करून देणारं एक द्रावण होतं, प्रयोगशाळेत बी लवकर जागं करायला वापरत ते. त्याची कुपी उर्मिलाच्या पिशवीत होती, हे तिनेच पारावर सांगितलं; पण कुपीत द्रावण आहे की पाणी ते कळणारं तिथे तिच्याखेरीज कुणी नव्हतं.

दुपारी बजरंग तिला गोठ्यात घेऊन गेला. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तो त्यांच्याकडे बघतच बोलला.

"उर्मे, त्या कुपीत नुसतं पानी भर."

ती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी कंदी काय मागितलं न्हाई तुला. शिकाया गेलीस, आप्पा नगं म्हनत हुते, मी धाडली. आता येवडं कर. बी मेलं म्हन. मेलेलं काय बोलत न्हाई."

"दादा, मेलं म्हटलं की ते इथेच थांबत नाही रे. करार तसा आहे. एका देशाने बी मेलं म्हटलं की सगळ्या देशांत वाटप बंद. तिकडे पठारावर, गवताळ स्टेपीत, डोंगरात लाखो लोक यावर पेरतायत. त्यांचा हिवाळा खरा येतो, त्यांचं उगवतं. हालितच्या गावात..."

"त्येंचं उगवतंय," बजरंग म्हणाला. "आमचं काय?"

तिने हालितला फोन लावला. सगळं सांगितलं. "मी सांगणार नाही," तो म्हणाला. "मी इकडचा आहे. माझं ऐकलंस तर तू मला शाप देशील, नाही ऐकलंस तर मी तुला देईन." मग हळूच म्हणाला, "एक दाणा जागा ठेवायला हवा होता, उर्मिला हानम." हे बोलायला नको होतं, असं त्यालाही वाटलं असावं. त्याने लगेच वहिनींची तब्येत विचारली.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. बजरंगने कुदळीने रान उकरून बी काढून आणलं. कडक, तपकिरी, चिलखत घातलेले दाणे. उर्मिलाने ते गोणपाटावर ओळीने मांडले आणि पिशवीत हात घातला. पिशवीत कुपी होती आणि पाण्याची बाटलीही होती. कुणी तिच्या हाताकडे बघत नव्हतं. बजरंग मुद्दाम मारुतीकडे बघत होता.

तिने कुपी काढली आणि जशी होती तशी ओतली.

का, ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. लाखो लोकांचा विचार होता हे खरंच. शास्त्रात खोटं बोलायचं नाही, हेही खरं. पण याखेरीज तिसरंही काही होतं, आणि ते आठवलं की तिला आपलाच राग यायचा. आपण जन्माला घातलेलं बी, आपण चिलखत चढवलेलं बी, ते चारचौघांत मेलं म्हणायला तिची जीभ रेटली नसती. आईला आपलं पोर वाया गेलं म्हणवत नाही, त्यातलाच प्रकार.

पुढच्या आठवड्यात गोणपाट उघडलं. दाण्यादाण्याला पांढरा शुभ्र मोड. बजरंग सगळ्यांत पुढे होता. मोड बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. आयुष्यभर मोड बघून उजळत आलेला चेहरा, तो काय करणार! मग त्याला काय झालं ते उमगलं. त्याने बहिणीकडे बघितलं, टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"अभिनंदन, मॅडम," कुलथे म्हणाले. त्यांनाही कुठे तोंड करावं ते कळत नव्हतं. शेरा कायम राहिला.

खिल्लारांची जोडी शेजारच्या तालुक्यातला एकजण घेऊन गेला. जाताना उजवीकडचा बैल वेशीत अडून बसला, तेव्हा बजरंगनेच त्याला मागून हाकललं. मग तो आणि वहिनी पनवेलकडे एका गोदामात गेले, तो पहाऱ्याला आणि ती झाडलोटीला. त्यांच्या मागोमाग घर घर करत गाव गेलं. जी म्हातारी माणसं राहिली होती, तीही लेकीबाळींनी नेली. दारांना कुलपं लागली. भिंतीवरचं वाक्य तेवढं राहिलं.

उर्मिला पठारावर परतली आणि कामाला जुंपली. एक दाणा उठणारा, एक निजणारा, अशी जोडदाण्यांची नवी जात तिने स्वतःहून सुरू केली. हालित मुकाट्याने मदत करत राहिला. ही जात रानात जायला निदान दहा वर्षं लागणार होती.

आणि मग टाकळमाळावर पाऊस आला. खोल, संथ, दिवसच्या दिवस. पाऊस थांबला, ऊन पडलं, माती मोकळी झाली. तव म्हणा, वाफसा म्हणा. माणसाचं एक पाऊल न उमटलेल्या त्या रानांत सगळं बी एका दिवशी जागं झालं. ज्या उपग्रहाला इतकी वर्षं काही दिसत नव्हतं, त्याला आता एवढी मोठी हिरवी चादर दिसली. 'न पेरता आलेलं पीक' म्हणून बातमी जगभर गेली. पीक पिकायला आलं तेव्हा डझनभर देशांचे पाहुणे मोटारी भरून टाकळमाळावर आले. मंडप घातला गेला, सत्कार झाले. कुलथेसाहेबांनी भाषणात 'प्रतीक्षा फळाला आली' असं म्हटलं, आणि टाळ्याही पडल्या.

भाषणं संपल्यावर छायाचित्रकार म्हणाला, "आता एक फोटो शेतकऱ्याबरोबर. शेतकरी कुठेत?"

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. शेवटी कुणीतरी एका मोटारीच्या ड्रायव्हरला बोलावलं, सत्काराचाच एक फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि हातात ओंब्यांची पेंढी दिली. तो बिचारा लाजून हसत उभा राहिला. फोटो छान आला.

पाहुण्यांत हालित होता. तो एकटाच तिच्याजवळ येऊन म्हणाला, "तुझा भाऊ कुठे आहे?"

उर्मिला बजरंगच्या रानाकडे चालू लागली. आप्पा बसायचे त्या बांधावर जाऊन ती बसली आणि तिने पनवेलला फोन लावला. तिकडे मागून गाड्यांचा आवाज येत होता.

"दादा, बी उठलंय," ती म्हणाली. "आपलं सगळं रान उठलंय."

"हां. टीव्हीवर बगितलं." मग, न राहवून, "केवडं झालंय गं?"

"कमरेएवढं."

"दाना भरलाय?"

"टच्च भरलाय. दादा, ये ना. गाडी पाठवते. वहिनीला घेऊन ये. काढणी तुझ्या हातनं होऊ दे."

"येऊन कशावर राहू? दावनीला बैल न्हाई, गावात मानूस न्हाई. तुझ्या बियानं वाफशाची वाट बगितली, ते चांगलंच केलं. पर आमचाबी वाफसा हुता, उर्मे. त्यो मोडला. मोडल्यावर किती नांगर घाला, ढेकळंच निघत्यात."

तिला रडू फुटलं. त्याने ऐकून घेतलं. बहिणीचं रडणं ऐकून घ्यायची त्याला सवय होती, आप्पांनी शाळा सोडायला सांगितली तेव्हापासूनची.

"पाखरं बसत्यात का रानात?" त्याने विचारलं.

तिने डोळे पुसून बघितलं. चिमण्या, होले, कुठून कुठून आलेले थवे ओंब्यांवर तुटून पडले होते. राखणीला माळा नव्हता, गोफण नव्हती, ओरडायला कुणी नव्हतं.

"खूप बसलीयत," ती म्हणाली. "थांब, हाकलते."

"नगं," बजरंग म्हणाला. "बसू दी त्येंला. ती तरी जागी हुती न्हवं."